शिगेचे माप, सपाट माप

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात त्रिसरण-पंचशील झाले की मोठी माणसे चहाला उठतात आणि मुले दप्तरे घेऊन सतरंजीवर बसतात. गणित, इंग्रजी, विज्ञान, ज्याला जे अडले असेल ते तिथे विचारायचे, असा आमचा शिरस्ता आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, दिवसभर कचेरीत आवक-जावक आणि खतावणी बघणारा माणूस. व्याजाचा हिशेब विचारा, चटकन सांगतो. पण मागच्या पावसाळ्यात दहावीतल्या एका मुलीने असा प्रश्न टाकला की मला पंधरा दिवस पुस्तके चाळावी लागली.

ती म्हणाली, "काका, आमच्या पुस्तकात लिहिलंय, वजन न्यूटनमध्ये मोजतात. किलोग्रॅम हे वजनाचं एककच नाही म्हणे. मग रेशनवाला किलोत देतो ते काय असतं?"

शेजारी तिची आजी बसली होती. ती म्हणाली, "काही का असंना बाई, तो देतो ते कमीच असतं."

सगळे हसले. पण आजी काही विनोद करत नव्हती. नातीचा प्रश्न पुस्तकातला, आजीचा पोटातला. नातीच्या प्रश्नाचा माग काढता काढता आजीच्याही प्रश्नाचे उत्तर हाती लागले, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आधी नातीचे बघू. पोत्यात तांदूळ किती भरला आहे, म्हणजे त्यात पदार्थ किती आहे, याला विज्ञानात वस्तुमान म्हणतात. ते किलोग्रॅममध्ये मोजायचे. त्या पोत्याला पृथ्वी खाली ओढते. पोते डोक्यावर घेतले की मान दुखते ती या ओढीमुळे. ही ओढ म्हणजे बल, आणि विज्ञानाच्या भाषेत वजन म्हणतात ते हेच. बलाचे एकक न्यूटन. एक किलोच्या वस्तूला पृथ्वी सुमारे ९.८ न्यूटन बलाने ओढते. शंभर ग्रॅमची साबणाची वडी तळहातावर ठेवली तर जो भार जाणवतो तो साधारण एक न्यूटन. ज्यांच्या नावाने हे एकक आहे त्या आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडले की फळ झाडावरून खाली पडते आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, या दोन्हींमागे एकच ओढ आहे.

मग फरक पडतो कुठे? चंद्रावर. तिथली ओढ पृथ्वीच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी. पंचवीस किलो तांदूळ तिथे नेला तरी दाणे तेवढेच, भात शिजवला तर माणसे तेवढीच जेवतील. पण पोते एका हाताने उचलता येईल. म्हणजे वस्तुमान तेच, वजन घटले. आपण बाजारात "वजन पाच किलो" म्हणतो तेव्हा आपल्याला हवे असते वस्तुमान. बोलण्यात वजन म्हटले म्हणून काही बिघडत नाही, परीक्षेत मात्र गुण जातील.

हा फरक काट्यांमध्येही आहे. दांडीच्या तराजूत एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात लोखंडी वजन असते. पृथ्वी दोघांनाही ओढते, त्यामुळे तो तराजू चंद्रावर नेला तरी तेच माप दाखवील. स्प्रिंगच्या काट्याचे तसे नाही. अंगणवाडीत बाळाला झोळीत घालून टांगतात तो काटा आठवा. बाळ जितके जड, तितकी स्प्रिंग ताणली जाते आणि काटा फिरतो. ती ओढ मोजते. पृथ्वीवरही ओढ सगळीकडे अगदी सारखी नाही. विषुववृत्तापाशी थोडी कमी, ध्रुवापाशी थोडी जास्त. विषुववृत्तावर जुळवलेला स्प्रिंगचा काटा ध्रुवावर नेला तर एक किलोला सुमारे पाच ग्रॅम जास्त दाखवील. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटातही धातूचा एक तुकडा असतो. भाराने तो किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून आकडा उमटतो. म्हणजे तोही ओढच मोजतो. म्हणून असा काटा जिथे वापरायचा तिथेच तपासून जुळवून घ्यावा लागतो.

हे सगळे त्या मुलीला समजावले तेव्हा आजी ऐकत होती. पुढच्या रविवारी तिने पदराखालून एक जुने पितळी मापटे काढून माझ्यापुढे ठेवले. तिच्या सासूचे. कडा घासून गुळगुळीत झालेल्या. आताच्या मुलांना ही कोष्टके ठाऊक नाहीत. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. ही मापे भांड्याची, वजनाची नव्हेत. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई यांचे वजन एक येत नाही.

आजी म्हणाली, "सावकाराकडनं दाणं आणायचो तवा तो हाताने सपाट करून द्यायचा. परत करताना म्हणायचा, शीग लाव."

शीग म्हणजे मापाच्या तोंडावर उभा राहणारा दाण्यांचा ढीग. मुलांनी तिथल्या तिथे प्रयोग केला. विहारात भोजनदानाच्या वेळी वापरायचा छोटा काटा होता, ज्वारी आजीनेच आणली होती. सपाट मापटे भरले ३५० ग्रॅम. शीग लावून भरले ३९५. मग मी फळ्यावर हिशेब मांडला, कारण हा माझा प्रांत. आठ मापटी सपाट घेतली तर २,८०० ग्रॅम. आठच मापटी शीग लावून फेडली तर ३,१६० ग्रॅम. म्हणजे आठ घेऊन नऊ फेडली, आणि वहीत दोन्हीकडे आठच. सवाई-दिढीचे व्याज लागायचे ते यानंतर! आणि दाणे ज्या उताराने रचले जातात तो उतार ठरलेला असल्यामुळे मापाचे तोंड जितके रुंद, तितकी शीग मोठी. उंच अरुंद भांडे आणि बसके पसरट भांडे, दोन्हींत सपाट माप सारखे मावत असले तरी पसरटावर शीग जास्त उभी राहते. हे भूमितीचे ज्ञान आमच्या आजोबांना कुणी शिकवले नव्हते, पण माप कोणते वापरायचे ते ठरवणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

बलुत्याची तर याहून वाईट कथा. वेसकरीपासून सांगावे पोचवण्यापर्यंत आणि मेलेली जनावरे ओढण्यापर्यंत बारा महिने राबायचे आणि सुगीत खळ्यावर जाऊन उभे राहायचे. तिथे मापच नव्हते. पेंढी केवढी बांधायची, सुपात किती टाकायचे, ते देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी जे विधेयक मांडले, त्यात बलुत्याची रोख रक्कम ठरवून ती सरकारी साऱ्याबरोबर वसूल व्हावी ही तरतूद होती, ती मला आता नव्या अर्थाने कळली. रोख रकमेला शीग लावता येत नाही की सपाटही करता येत नाही.

हे आपल्याकडेच होते असे मात्र नाही. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीपूर्वी जहागीरदारांकडे धान्याचे आपापले माप असे. खंड वसूल करायचा तो त्यांच्या मापाने, आणि सपाट की शीग यावरून तंटे व्हायचे. क्रांतीच्या तोंडावर गावोगावच्या लोकांनी आपल्या तक्रारी लिहून राजाकडे पाठवल्या. देशभर एकच माप असावे, ही मागणी त्यांत पुन्हा पुन्हा येते. क्रांतीनंतर तिथल्या शास्त्रज्ञांपुढे प्रश्न आला, की नवे माप कुणाचे घ्यायचे? राजाचा पाय नको, जहागीरदाराचे भांडे नको. त्यांनी ठरवले, पृथ्वीचेच घेऊ, ती कुणा एकाच्या मालकीची नाही. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग करायचे, त्यातला एक म्हणजे एक मीटर. दोन शास्त्रज्ञ डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत जमीन मोजत सहा-सात वर्षे फिरले, तेही लढाया चालू असताना. पृथ्वीचा घेर जवळजवळ नेमका चाळीस हजार किलोमीटर भरतो तो योगायोग नव्हे, मीटरच तसा कापलेला आहे. आणि दहा सेंटीमीटर लांब, रुंद, उंच अशा डब्यात, म्हणजे एक लिटरमध्ये, मावणारे चार अंश तापमानाचे पाणी म्हणजे एक किलो.

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेले नाहीत, ते आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहेत, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले होते. मापाच्या बाबतीतही तसेच म्हणता येईल. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, तथागत कोणकोणत्या गोष्टींपासून दूर राहतात त्यांची यादी आहे. तीत खोटा तराजू आणि खोटे माप यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ही लबाडी चोरी आणि लाचखाऊपणाच्या ओळीत बसवली होती.

आपल्या देशात इंग्रजी अमदानीत मणांचा बाजार होता. बंगालचा मण सुमारे ३७ किलोचा, मुंबईचा पावणेतेरा किलोच्या आसपास, मद्रासचा त्याहून लहान. दशमान पद्धतीच्या वजनमापांचा कायदा संसदेने १९५६ मध्ये केला. आपल्या समाजाला ते वर्ष वेगळ्या कारणांनी पाठ आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोची वजने दुकानात आली. आमच्या आधीच्या पिढीने तोळे-ग्रॅमची कोष्टके घोकली ती याच काळात. रुपया हेही एक मापच आहे, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विसरू नये. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. पगार तोच आणि रुपयात बसणारे दाणे कमी झाले, तर तो मापटे सपाट करण्याचाच प्रकार झाला.

आता प्रकाशाकडे येऊ. तराजूच्या गोष्टीत हा कुठून आला, असे वाटेल. झाले असे, की मीटर ठरला तरी तो जपायचा कुठे? पॅरिसजवळ धातूची एक पट्टी करून ठेवली. पण धातू तापला की वाढतो, थंडावला की आखडतो. पट्टी चोरीला गेली, वितळली तर मापच गेले. म्हणून शास्त्रज्ञ अशा वस्तूच्या शोधात लागले जी झिजत नाही, हरवत नाही आणि जगात सगळीकडे सारखीच सापडते. ती म्हणजे प्रकाशाची लाट.

लाट म्हणजे काय ते मुलांना दोरीने दाखवले. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधले, दुसरे हातात धरून झटका दिला. उंचवटा पळत गजाकडे गेला. दोरी मात्र जागेवरच! विहिरीत दगड टाकल्यावर वर्तुळे काठाकडे जातात, पाणी जात नाही, तसेच. लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधले अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात किती लाटा निघतात ती वारंवारता. दोन्हींचा गुणाकार केला की लाटेचा वेग निघतो. रेडिओवर एफएमचा आकडा १०० दिसतो, म्हणजे सेकंदाला दहा कोटी लाटा. त्या प्रत्येकीची लांबी सुमारे तीन मीटर, आमच्या चाळीतल्या खोलीएवढी. प्रकाशही त्याच कुळातला, पण त्याची लाट फार आखूड. तांबडा रंग लांब लाटेचा, जांभळा आखूड लाटेचा. इंद्रधनुष्यात त्या याच क्रमाने लागतात. तांबड्या प्रकाशाच्या सुमारे दीड हजार लाटा एका मिलिमीटरमध्ये बसतात.

क्रिप्टॉन नावाच्या वायूच्या अणूतून एक ठरावीक नारिंगी-तांबडा प्रकाश निघतो. तो पॅरिसमध्ये निघो की परभणीत, त्याची तरंगलांबी तीच. अणूला गाव नाही, जात नाही. १९६० मध्ये ठरले, की या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ लाटा म्हणजे एक मीटर. पुढे १९८३ मध्ये त्याहून सोपे केले. पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा कायमचा ठरवून टाकला आणि त्यावरून मीटर काढला. हा वेग केवढा? एका सेकंदात पृथ्वीला साडेसात फेऱ्या. तरी सूर्यावरून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. सेकंदही असाच, १९६७ पासून सिझियमच्या अणूच्या कंपनांवरून मोजतात. घड्याळ राजवाड्यातले असो की फूटपाथवरचे, सेकंद एकच.

मागे राहिला होता किलोग्रॅम. १८८९ पासून पॅरिसजवळच्या सेव्र गावी प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक छोटा दंडगोल ठेवला होता, चार सेंटीमीटरहूनही कमी उंचीचा, काचेच्या झाकणांखाली, तीन किल्ल्यांच्या कुलपात. जगातला एक किलो म्हणजे तो. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या होत्या. आपली ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. पण शंभर वर्षांनी ताडून पाहिले तेव्हा मूळ आणि प्रती यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक निघाला. एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. एवढासा फरक, पण किलोच चुकला तर बरोबर कशाला म्हणायचे? नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्साय येथे देशोदेशींच्या प्रतिनिधींनी एकमताने तो धातूचा किलो निवृत्त केला. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम निसर्गातल्या एका स्थिरांकावर, प्लँकच्या स्थिरांकावर, ठरतो. त्यासाठी एक खास तराजू असतो. त्याच्या एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजन नाही, विजेच्या प्रवाहाने निर्माण होणारे बल. ते बल वस्तूच्या ओढीला तोलून धरते. न्यूटन आणि किलोची गाठ तिथे पडते.

एवढी अचूकता जगात आहे. आणि आमच्या आजीचे धान्य कमी भरते!

म्हणून आम्ही घरी आणलेले धान्य मोजायचे ठरवले. आजीच्या घरात पाच माणसे, माणशी पाच किलो, महिन्याला पंचवीस. विहारातल्या काट्यावर थोडे थोडे करून सगळे मोजले. भरले साडेतेवीस. आधी आमचाच काटा तपासला. एका लिटरच्या बाटलीत पाणी भरायचे, रिकाम्या बाटलीचे वजन वजा करायचे, उरले पाहिजे एक किलो. आपल्याकडच्या हवेत चार-पाच ग्रॅम कमी भरते, कारण कोमट पाणी किंचित फुगलेले असते. ही तपासणी कुठल्याही बाईला घरात करता येते. दांडीचा तराजू असेल तर पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलायला सांगावे. एक बाजू तीस सेंटीमीटर आणि दुसरी एकतीस असली, तर किलोमागे बत्तीस ग्रॅम गेलेच. डोळ्याला तो एक सेंटीमीटर दिसत नाही, पण पारडी बदलली की लगेच उघडा पडतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्याचे वैधमापन खात्याचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावलेले हवे. साध्या तराजूला आणि वजनांना ही मुदत दोन वर्षांची.

आमचा काटा बरोबर निघाला. मग दीड किलो गेला कुठे? ते त्या दहावीच्या मुलीने शोधले. पुढच्या महिन्यात ती आजीबरोबर रांगेत उभी राहिली. आजीने यंत्रावर अंगठा दिला. दुकानदाराने काट्यावर पत्र्याचा डबा ठेवला, त्यात धान्य ओतले, आकडा पाच झाला की डबा पिशवीत उलटा केला. असे पाच वेळा. काटा अगदी खरा होता, प्रमाणपत्रही भिंतीवर होते. पण डबा ठेवल्यावर शून्याचे बटण दाबलेच नव्हते. मुलीने रिकामा डबा ठेवायला सांगितले. आकडा आला तीनशे ग्रॅम. पाच खेपांचे दीड किलो.

दुकानदार म्हणाला, विसरलो. दर महिन्याला, दर कार्डाला विसरत असेल का, ते मला माहीत नाही. बायांनी त्या दिवशी वैधमापन निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहून घेतला, अठरा सह्या आणि सात अंगठे. तो मी जावक क्रमांक टाकून ठेवला आहे, पोचपावतीसह. आजी मात्र अर्जाच्या निकालासाठी थांबलेली नाही. तिला काट्यावरचे आकडे नीट वाचता येत नाहीत, पण शून्य ओळखते. डबा काट्यावर गेला की ती हात आडवा धरते आणि म्हणते, "आधी भोपळा दाव, मग वत."